कापसाच्या शेतापर्यंत गेलेल्या मोटारी

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये मुलींची मंडळं असतात, त्यांना सोरोरिटी म्हणतात. नावं ग्रीक अक्षरांची, रंग ठरलेले, प्रवेश निवडीने. सिनेमांतून त्यांचं जे चित्र आपल्यापर्यंत येतं, ते पार्ट्यांचं आणि नटण्यामुरडण्याचं. पण यातल्या काही मंडळांनी केलेलं काम आपल्याकडे माहीत असायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

सुरुवात जुनी आहे. 1851 साली जॉर्जिया राज्यातल्या मेकन गावी, मुलींच्याच वेस्लियन कॉलेजात असं एक मंडळ निघालं. पुढे 1870 मध्ये इंडियानातल्या ॲसबरी कॉलेजात बेटी लॉक आणि तिच्या तीन मैत्रिणींनी काप्पा अल्फा थिटा सुरू केलं. ग्रीक अक्षरांचं नाव घेणारं मुलींचं हे पहिलं मंडळ. कॉलेजाने मुलींना प्रवेश देऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. धाडसाचंच काम होतं ते. मात्र या मंडळांची दारं गोऱ्या मुलींपुरतीच उघडी होती.

कृष्णवर्णीय मुलींनी आपलं पहिलं मंडळ उभं केलं ते 15 जानेवारी 1908 रोजी, वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात. त्याचं नाव अल्फा काप्पा अल्फा. एथेल हेजमन ही विद्यार्थिनी त्यात पुढे होती. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा पन्नास वर्षंही झाली नव्हती. पाच वर्षांनी त्याच हॉवर्डमध्ये 22 मुलींनी डेल्टा सिग्मा थिटा स्थापन केलं. त्यांना नुसते स्नेहमेळावे नको होते, सार्वजनिक कामात उतरायचं होतं.

आणि त्या उतरल्याही. स्थापना 13 जानेवारी 1913 ची. 3 मार्चला, म्हणजे दोन महिनेही झाले नव्हते, वॉशिंग्टनमध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी प्रचंड मोर्चा निघाला आणि या मुली त्यात चालल्या. मेरी चर्च टेरेल या ज्येष्ठ कार्यकर्त्या त्यांच्यासोबत होत्या. रस्त्यावर जमलेले पुरुष मोर्चातल्या बायकांना शिव्या देत होते, धक्काबुक्की करत होते. मोर्चातही सगळं आलबेल नव्हतं. दक्षिणेकडच्या गोऱ्या स्त्रिया नाराज होतील म्हणून कृष्णवर्णीय स्त्रियांनी मागे चालावं, असा काही आयोजकांचा सूर होता. बाहेरून अपमान आणि आतूनही, तरी त्या घरी बसल्या नाहीत. 1920 मध्ये स्त्रियांना मताधिकार मिळाला, पण दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांना तो खऱ्या अर्थाने बजावता येण्यासाठी 1965 च्या कायद्याची वाट पाहावी लागली.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. या मंडळांचं सदस्यत्व पदवीबरोबर संपत नाही, ते आयुष्यभराचं असतं. कॉलेज सोडलेल्या मुली शिक्षिका होतात, डॉक्टर होतात, नर्स होतात, आणि आपापल्या गावातल्या शाखेत काम करत राहतात. माझ्या मते त्यांचं सगळं बळ यात आहे. मिसिसिपीत जे घडलं ते या बळावरच.

1934 च्या उन्हाळ्यात अल्फा काप्पा अल्फाच्या अध्यक्ष आयडा लुईस जॅक्सन यांनी मिसिसिपीतल्या होम्स परगण्यात खेड्यांतल्या शिक्षकांसाठी उन्हाळी शाळा भरवली. तिथे गेल्यावर दिसलं की शिकवण्याआधी माणसं जगवायला हवीत. दुसऱ्या वर्षापासून आरोग्याचं काम सुरू झालं. त्याची धुरा डॉ. डोरोथी फेरेबी यांच्याकडे आली. रेल्वेची तिकिटं द्यायला खिडकीवरच्या लोकांनी नकार दिला, म्हणून या बायका वॉशिंग्टनहून स्वतःच्या मोटारींनी निघाल्या. वर्णभेदाच्या त्या काळात वाटेत मुक्काम आणि जेवण मिळेल की नाही याचीसुद्धा खात्री नव्हती.

पोचल्यावर पुढची अडचण. कापसाचे मळेवाले आपल्या मजुरांना दवाखान्यापर्यंत येऊच देईनात. मग यांनी दवाखानाच मोटारींत भरला आणि थेट मळ्यावर नेला. झाडाखाली, चर्चच्या आवारात, मिळेल त्या जागी टेबल मांडायचं. मुलांना घटसर्पाची आणि देवीची लस टोचायची, दात तपासायचे, आयांना आहाराविषयी सांगायचं. मळ्याचे घोडेस्वार रखवालदार कमरेला पिस्तूल लावून जवळच थांबत. डॉक्टर मजुरांना काय विचारतात, हे ते वाकून ऐकत. मजुरीचा, कर्जाचा विषय निघतो की काय, ही मळेवाल्यांची धास्ती! अशा पहाऱ्यात एखाद्या बाईला तिच्या बाळंतपणाविषयी विचारायचं म्हणजे किती अवघड, याची कल्पना करा.

कडक उन्हाळ्यात, स्वतःची सुट्टी खर्च करून, हे काम 1942 पर्यंत चाललं. महायुद्धामुळे पेट्रोल आणि टायरवर रेशनिंग आलं तेव्हा ते थांबलं. तोवर हजारो माणसांची तपासणी झाली होती. सरकारी डॉक्टर पोचत नव्हता तिथे विद्यार्थिनींच्या मंडळातून घडलेल्या बायका पोचल्या. या मंडळांच्या पहिलेपणाच्या याद्या पुष्कळ निघतात, पण मला विचाराल तर त्यात हे काम सर्वांत वर असायला हवं.

नावाजलेल्या व्यक्तीही पुष्कळ आहेत. डेल्टाच्या पहिल्या राष्ट्रीय अध्यक्ष सेडी अलेक्झांडर यांनी 1921 मध्ये अर्थशास्त्रात पीएच.डी. मिळवली. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री. 1968 मध्ये अमेरिकी संसदेवर निवडून आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री शर्ली चिझम, त्याही डेल्टाच्याच. सिग्मा गॅमा ऱ्हो मंडळाच्या हॅटी मॅकडॅनियल यांना 1940 मध्ये ऑस्कर मिळालं, ते कोणाही कृष्णवर्णीय कलाकाराला मिळालेलं पहिलं. आणि 2021 मध्ये उपराष्ट्राध्यक्ष झालेल्या कमला हॅरिस या हॉवर्डच्या अल्फा काप्पा अल्फाच्या. त्यांच्या आई श्यामला गोपालन तमिळनाडूच्या, त्यामुळे ते नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं.

डोरोथी हाइट यांचं नाव मात्र आपल्याकडे फारसं कोणाला ठाऊक नाही. 1929 मध्ये न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजने त्यांना दारातून परत पाठवलं. वर्षाला दोनच कृष्णवर्णीय मुली घ्यायच्या असा तिथला दंडक होता आणि त्या दोन जागा भरल्या होत्या. हाइट न्यूयॉर्क विद्यापीठात शिकल्या, डेल्टात आल्या आणि 1947 पासून नऊ वर्षं तिच्या राष्ट्रीय अध्यक्ष राहिल्या. जॉर्जियातल्या ज्या खेड्यांत कृष्णवर्णीय वाचकांना ग्रंथालयाची सोय नव्हती, तिथे डेल्टाची पुस्तकांची मोटार फिरत असे. अध्यक्षपदाच्या याच काळात, 1952 साली, त्या भारतात आल्या आणि दिल्लीच्या स्कूल ऑफ सोशल वर्कमध्ये त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना समाजकार्य शिकवलं.

नमस्कार.