चुलवाणातलं ऊन

[काळोख. फक्त जाळाचा आवाज. हळूहळू चुलवाणाचं तोंड दिसायला लागतं.]

जानेवारीचा महिना, पहाटेचे साडेचार वाजलेत, पंचगंगेच्या काठचं कोल्हापूरजवळचं एक गाव, आणि थंडी अशी की या गुऱ्हाळाच्या चुलवाणापासनं, म्हणजे गूळ शिजवायच्या मोठ्या भट्टीपासनं, हलूच नये वाटतंय. नुसता हात पुढं केला तरी बोटांच्या कांड्यांत ऊब शिरतीय. आत जळतंय ते चिपाड, म्हणजे उसाचा रस काढून झाल्यावर राहिलेला चोथा, वाळवलेला. हा ऊस आडसाली. दीड वर्षापूर्वी आषाढात लावलेला, त्यानं दोन पावसाळे बघितले, एक सबंध उन्हाळा बघितला, आणि तेवढे दिवस त्याची पानं ऊन पीत होती. तेच ऊन आत्ता या पहाटे इथं सुटतंय आणि आपण त्यावर हात शेकतोय.

शाळेत आम्हाला ऊर्जेचे प्रकार पाठ करायला लावले होते. यांत्रिक, औष्णिक, प्रकाश, ध्वनी, रासायनिक, विद्युत, अणू. एका दमात म्हणायचे, एक विसरला की छडी. शाळेपासनं दोन शेतं ओलांडली की असंच एक गुऱ्हाळ होतं, वाऱ्याबरोबर गुळाचा वास वर्गात यायचा, पण तिथं नेऊन दाखवावं असं कुणाला वाटलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. ती सगळीच्या सगळी यादी एका खोपटात हजर होती की हो!

[घाण्यात ऊस जातोय. कॅमेरा एका कांडीवर.]

ही एक कांडी बघा. पानांनी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतला, मुळांनी पाणी वर दिलं, आणि उन्हाच्या जोरावर या दोन्हींची साखर झाली. उजेडाची रासायनिक ऊर्जा झाली ती इथं. पानावर पडलेल्या 100 भागांतले एक-दोन भागच पिकात साठतात, तरी ऊस या कामात इतर पिकांपेक्षा लई तरबेज. आणि ते ऊन तरी कुठनं आलं? सूर्याच्या पोटात हायड्रोजन जुळून हेलियम होतंय, त्यात दर सेकंदाला 40 लाख टनांहून जास्त वस्तुमानाची ऊर्जा होऊन बाहेर पडते. सूर्यावरनं निघालेला उजेड साधारण 8 मिनिटं 20 सेकंदांत या उसाच्या पानावर पोचतो.

घाणा आता मोटारीवर चालतोय. आज्याच्या काळात बैल गोल फिरायचे, वैरणीतली ऊर्जा त्यांच्या खांद्यातनं घाण्यात यायची. मग डिझेलचं इंजान आलं. डिझेलमधल्या 100 भागांतले तीसेक भाग कामाला यायचे, बाकीचे धुरात आणि गरम पाण्यात जायचे. मोटार त्यामानानं लई हुशार, विजेतला बहुतेक भाग ती फिरण्यात घालते. पण ती वीजही कुठंतरी तयार व्हावी लागतेच.

[राधानगरी धरण. भिंतीवरनं दिसणारं पाणी.]

भोगावतीवरचं हे राधानगरी. शाहू महाराजांनी ध्यास घेऊन हे काम सुरू केलं. अडवलेलं पाणी म्हणजे उंचावर ठेवलेली ऊर्जा. समुद्रातनं ते वर नेलं सूर्यानंच, वाफ करून, आणि सह्याद्रीनं ते इथं उतरवलं. धरणाला 7 स्वयंचलित दरवाजे आहेत, पाणी ठरल्या पातळीला चढलं की त्याच्याच जोरावर उघडतात, मोटार नाही काही नाही, पावसाळ्यात ते बघायला माणसं मुद्दाम येतात. पायथ्याला वीजघर आहे. खाली येणारं पाणी टर्बाइन फिरवतं, त्याबरोबर जनित्र फिरतं, आणि चुंबकाजवळच्या तांब्याच्या तारांत वीज उभी राहते.

पण एक हिशोब मांडला तेव्हा मी स्वतःच गप्प झालो. 1000 लिटर पाणी 30 मीटर खाली पडलं तर त्यातनं जास्तीत जास्त 3 लाख ज्यूलच्या (ज्यूल हे ऊर्जेचं माप) आसपास मिळतात. 1 किलो गुळात असतात साधारण 1 कोटी 60 लाख. म्हणजे गुळाच्या एका किलोत जेवढी ऊर्जा आहे तेवढ्यासाठी 50 टनांहून जास्त पाणी 30 मीटरवरनं सोडावं लागंल! हातातला गूळ दिसतो साधा, पण कार्बन-हायड्रोजनच्या जोडण्यांत साठवण किती दाट असते ते यावरनं कळतं.

[परत गुऱ्हाळ. काहिल, म्हणजे रसाची मोठी कढई, उकळतीय. वाफेत माणसं अंधूक दिसतात.]

आता खरी गंमत काहिलीत आहे, इथं जरा थांबूया.

आदण, म्हणजे एका वेळचा रस, चढलंय. चुन्याची निवळी घातली, भेंडीचं चिकट पाणी घातलं, मळी वर आली, झाऱ्यानं काढून झाली. मी गुळव्या, म्हणजे गूळ करणाऱ्या, मामांना विचारून लांब दांडीचा थर्मामीटर रसात धरला. आपलं कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंच, म्हणून साधं पाणी इथं 98 अंशांच्या आसपासच उकळतं. रसात साखर विरघळलेली, त्यामुळं काटा थोडा वर, 100 च्या जवळ. आणि तिथंच अडकला. खाली जाळ धडाडतोय, माणूस चिपाडाच्या कवळी आत सारतोय, घामानं निथळतोय, आणि वर काटा जाग्यावरनं हलंना.

"मामा, एवढा जाळ जातोय कुठं?"

मामांनी झाऱ्यानं वर दाखवलं. "ती काय, वाफ. पाणी पळाल्याबिगर गूळ हुईत न्हाई, पोरा."

भौतिकशास्त्राच्या पुस्तकात याला सुप्त उष्णता म्हणतात. मामांनी ती पाच शब्दांत सांगितली. तापमान वाढत नाही कारण सगळी उष्णता पाण्याचे कण एकमेकांपासनं सोडवण्यात खर्च होते. 1 किलो उकळत्या पाण्याची वाफ करायला साडेबावीस लाख ज्यूल लागतात. 100 किलो रसातनं गूळ निघायचा 20 किलोच्या आतबाहेर, बाकीचं 80 किलो पाणी वर घालवायचं. त्याचे झाले 18 कोटी ज्यूल. विजेचं 1 युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल, म्हणजे नुसती वाफ करायला 50 युनिटं! आणि काहिलीत रस याच्या कितीतरी पट असतोय. एवढी वीज विकत घेऊन गूळ करायचा म्हटला तर परवडणारच नाही, म्हणून उसाचं पाणी उसाच्याच चिपाडानं आटवायचं, ही आपल्या माणसांची अक्कल.

मागल्या हंगामात अवकाळी पाऊस झाला तेव्हा मी इथंच होतो. पसरलेलं चिपाड भिजलं. घाण्यातनं निघालेल्या ताज्या चिपाडात निम्म्याच्या जवळपास पाणीच असतं, म्हणून ते आधी उन्हात वाळवायचं, आणि वाळलेलंच परत भिजलं. चुलवाणात नुसता धूर, डोळे चुरचुरायला लागले, आदण पुढं सरकंना. जाळाची ऊर्जा आधी चिपाडातलं पाणी घालवण्यात चालली होती आणि काहिलीपर्यंत पोचायला उरत होतं ते थोडं. नेहमीच्या आदणाला लागतो त्याच्यापेक्षा लई वेळ गेला, आणि गूळही काळपट पडला. तोटा शेतकऱ्याचा. त्या दिवशी मामा जेवले नाहीत.

[काहिलीतला रस घट्ट होतोय. मोठे बुडबुडे.]

पाणी कमी झालं की काटा परत चढायला लागतो. 105, 110, 115. शेवटी 118 च्या आसपास मामा थोडा पाक गार पाण्यात टाकतात, बोटांनी गोळी करतात, आणि मान हलवतात. थर्मामीटरकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही. काहिल उतरवली, वाफ्यात, म्हणजे गूळ गार करायच्या जागेत, ओतली, आणि तो हलवायला फावडी सुरू झाली.

ही फावडी बघून मला ज्यूल नावाचा माणूस आठवतो. 1840 च्या दशकात मँचेस्टरकडं त्यानं पाण्यात वल्ही बसवली, खाली उतरणाऱ्या वजनांनी ती फिरवली, आणि पाणी किती तापतंय ते चिकाटीनं मोजलं. वजन खाली आलं की तेवढ्या हिशोबात पाणी तापतं, दरवेळी तेवढंच. काम आणि उष्णता ही एकाच नाण्यातली देवघेव आहे हे त्यातनं पटलं. म्हणून ऊर्जेच्या एककाला त्याचं नाव. 1 ग्रॅम पाणी 1 अंशानं तापवायला साधारण 4.18 ज्यूल. वाफ्यात हलवणाऱ्या या पोरांची मेहनतही शेवटी अशीच गुळात ऊब होऊन मुरते, फक्त ती इतकी थोडी की आपल्याला कळत नाही.

[ताज्या गुळाचा खडा. एका हातातनं दुसऱ्या हातात.]

एखाद्या 70 किलोच्या माणसाला पन्हाळ्याचा 400 मीटर चढ चढायचा आहे असं धरूया. वजन वर उचलायला पावणेतीन लाख ज्यूल लागतात. पण आपलं शरीर 100 भागांतले वीस-पंचवीसच भाग कामात घालतं, बाकीची उष्णता होते, म्हणून तर घाम येतो. असा हिशोब केला तर चढण्यापुरता 80 ग्रॅमच्या आसपास गूळ पुरतो, म्हणजे मुठीत मावेल एवढा खडा. तालमीत जोर मारून लाल झालेला पहिलवान बघा, त्याच्या अंगातनं थंडीत वाफ निघते, ती त्याच्या खुराकातली.

इकडं कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या भागात, उद्यमनगरात, शिरोलीत, फाउंड्रीत म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात वीज तांब्याच्या वेटोळ्यातनं जाते, त्यातनं चुंबकीय क्षेत्र होतं, आणि आतलं लोखंड स्वतःच तापून वितळतं, खाली कोळसा नाही काही नाही.

जाळातली ऊर्जा नाहीशी झाली नाही. थोडी गुळाच्या ढेपेत राहिली, बरीचशी वाफेबरोबर हवेत गेली, थोडी धुराड्यातनं वर गेली. फरक एवढाच की चिपाडात ती एका जागी गोळा होती, आता सगळीकडं पसरली. ती परत गोळा करून चुलवाणात घालायला कुणालाच जमलेलं नाही. त्यासाठी परत लावण करावी लागती, पाणी पाजावं लागतंय, दीड वर्ष थांबावं लागतंय.

[संध्याकाळ. चुलवाण विझलंय.]

गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, गाडीत चढले. मामांनी हातपाय धुतले. चुलवाणातली राख थंड झाली की शेतात जाणार. भिंतीचे दगड अजून गरम आहेत. गावातली दोन कुत्री आली, दगडांना पाठ लावून झोपली. बाजूच्या रानात उद्याच्या आदणाचं चिपाड पसरलंय, आणि मावळतीची शेवटची तिरीप त्यावर पडलीय.