पावसाळ्यात हेल्मेटवर अ‍ॅक्शन कॅमेरा कसा लावायचा?

(हेल्मेट हातात धरून)

नमस्कार मंडळी. हनुवटीपाशी हा डाग दिसतोय? इथे माझा माउंट, म्हणजे कॅमेरा बसवायचा चिकटणारा तळ, होता. गेल्या ऑगस्टमध्ये गोव्यातल्या केरीहून चोर्ला घाट चढताना तो वळणावरच सुटला आणि कॅमेरा रस्त्यावर घरंगळत गेला. मागून एक स्कूटर येत होती. कॅमेरा चुकवायला तो माणूस ट्रकच्या बाजूला वळला असता तर? हा विचार अजून माझ्या डोक्यातून जात नाही. कॅमेऱ्याला फक्त ओरखडे आले, पण ते महत्त्वाचं नाही.

चूक माझी होती. पहाटे साडेपाचला माउंट चिकटवला आणि सहाला साखळीहून निघालो.

(माउंट उलटा करून)

ही मागची फोमसारखी पट्टी बघा. ही बहुतेक व्हीएचबी प्रकारची, म्हणजे खूप घट्ट धरणारी दुहेरी चिकट अ‍ॅक्रिलिक टेप असते. फेव्हिक्विकसारखी ती क्षणात धरत नाही, पृष्ठभागावर हळूहळू पसरत जाते. घरातल्या साध्या तापमानाला २० मिनिटांत सुमारे निम्मी पकड येते, २४ तासांत ९० टक्के आणि पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात. म्हणजे मी निम्म्या पकडीवर घाटात शिरलो होतो. वर आपला पाऊस! रात्रभर व्हरांड्यात टांगलेलं हेल्मेट हाताला कोरडं लागतं, पण त्यावर ओल असते. हेल्मेटला चमक यावी म्हणून पॉलिश मारलं असेल तर त्याचाही थर असतो. टेप मग हेल्मेटला चिकटतच नाही, त्या थराला चिकटते.

म्हणून आता मी असं करतो. आधी हेल्मेट साबणाच्या पाण्याने पुसायचं आणि घरात पंख्याखाली चांगलं वाळवायचं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन स्वच्छ कपड्याने ती जागा पुसायची. ती सुकली की त्यावर बोट लावायचं नाही. कॅमेरा न लावता नुसता माउंट चिकटवायचा आणि अंगठ्यांनी चांगला दाबून धरायचा. या टेपला दाब लागतो, नुसतं टेकवून चालत नाही. मग किमान एक पूर्ण दिवस हात लावायचा नाही. मी तीन दिवस थांबतो. मॅट रंगाच्या हेल्मेटवर टेप कमी धरते, तिथे पट्ट्याने आवळायचा माउंट घ्या. आणि जुना माउंट काढायला चाकू वापरू नका. हेअर ड्रायरने थोडं गरम करा आणि मासे गरवायचा नायलॉनचा दोरा मागे घालून करवतीसारखा ओढा.

आता जागा. डोक्यावर उभा कॅमेरा मला अजिबात पटत नाही. वाऱ्याने मान ओढली जाते, आणि पडलात तर हेल्मेटचा गुळगुळीत गोल भाग रस्त्यावर घसरण्याऐवजी कॅमेरा अडकून मानेला पीळ बसू शकतो. हनुवटीला लावलेल्या कॅमेऱ्यात तुम्हाला दिसतो तसाच रस्ता येतो, खाली हँडल आणि हात दिसतात, म्हणून वेगही जाणवतो. पण धोका तिथेही शून्य नाही, हे मोकळेपणाने सांगतो. केरळच्या मोटार वाहन विभागाने २०२२ मध्ये हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यांविरुद्ध कारवाई जाहीर केली होती. चोर्ला ओलांडला की आपण कर्नाटकात असतो, तेव्हा दोन्हीकडचे नियम बघून घ्या. हेल्मेटवर काहीच नको असेल किंवा हेल्मेट अर्धं असेल, तर छातीवरचा पट्टा वापरा. हेल्मेटला भोक मात्र कुणीही पाडायचं नाही.

हँडलवर? सिंगल सिलिंडर गाडीची थरथर थेट कॅमेऱ्यात उतरते आणि चित्र जेलीसारखं हलतं. मोबाइल तर तिथे लावूच नका. मोटरसायकलच्या थरथरीने कॅमेऱ्याचं स्थिरीकरण बिघडू शकतं, असा इशारा अ‍ॅपलने २०२१ मध्येच दिला आहे.

कोन ठरवताना आरशासमोर उभे राहू नका. गाडीवर बसा, नेहमीसारखे वाका आणि मोबाइलवर कॅमेऱ्याचं चित्र बघा. क्षितिज मधोमध नको, थोडं वर ठेवा. आपल्याकडे झाडीखालचा रस्ता काळोखा आणि आभाळ पांढरंफेक असतं, फ्रेममध्ये आभाळ जास्त आलं की रस्ता आणखी काळा पडतो. हेल्मेटची काच पूर्ण उघडते का, तेही आत्ताच बघा. आणि हेल्मेटपासून कॅमेऱ्यापर्यंत चार बोटं लांबीची सुरक्षा-दोरी बांधा. माझ्याकडे तेव्हा ती नव्हती.

भिंगावर थेंब बसले तर चालत्या गाडीवर पुसू नका, बाजूला थांबा. एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढला की भिंगावर वाफ धरते, म्हणून निघण्याआधी १५-२० मिनिटं तो बॅगेत घालून बाहेर ठेवा. बॅटरीचं झाकण भर पावसात उघडू नका.

(माउंट हेल्मेटवर दाबत)

हा बघा, आज गुरुवार, संध्याकाळचे सात. रविवारी संध्याकाळी सातला यावर कॅमेरा चढेल. सोमवारी पहाटे मी केरीला असेन.