अप्पर, डिपर आणि शेतरस्ता

(दृश्य : काळोख. लांबून जीपचा आवाज. मग दोन मंद पिवळट हेडलाइट.)

सोलापूरहून बार्शी रस्त्याने निघालं, की नान्नजच्या आसपास जमीन सारखी रंग बदलत राहते. चढावर मुरमाड माळ, उतारावर काळी. या काळ्या रानांत शेतपंपाची लाईट पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळी असली की झोप सोडून उठायचं, टॉर्च घ्यायची आणि दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, रानात जायचं.

ही जुनी महिंद्रा जीप त्याच कामाची. डांबर सुटलं की पुढे सगळी चाकोरी. बैलगाड्या आणि ट्रॅक्टरनी पाडलेली, पावसाळ्यात चिखलाने भरणारी, उन्हाळ्यात दगडासारखी टणक होणारी. मागच्या पावसाळ्यात रात्री पाटाचा कड दिसला नाही. पुढचं चाक खाली गेलं आणि जीप उजाडेपर्यंत तिथंच अडकून राहिली. जादा दिवे बसवायचं मालकाने त्याच रात्री ठरवलं.

(दृश्य : सोलापुरातलं एक छोटं दुकान. भिंतीवर वायरींची भेंडोळी. बोनेट उघडतं.)

दुकान जेमतेम एका गाडीच्या रुंदीचं. गाड्यांची वायरिंग करणारे चाचा आधी बॅटरीची निगेटिव्ह सोडतात, मग हेडलाइटमागच्या वायरी बोटांनी चाचपत जातात. एका जागी बोट थांबतं. टेप वितळून काळी पडलेली आहे. पूर्वी कुणीतरी हेडलाइटची वायर सोलून, तिलाच जोड मारून दोन दिवे चालवले होते.

"दिवे मागनं बघू की ओ. आधी हे काढू."

या जोडापाशी आपणही थोडं थांबू. ५५ वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे ११० वॅट. त्याला १२ व्होल्टने भागलं तर करंट ९ अँपिअरच्या वर जातो. हेडलाइटची मूळ वायर आणि तिचा स्विच तेवढ्या हेडलाइटपुरते केलेले असतात. त्यांच्यावर आणखी तेवढाच भार टाकला की वायर तापायला लागते आणि दिव्यापर्यंत पोचता पोचता व्होल्टेज गळतं. हॅलोजनला ही गळती फार महागात पडते. व्होल्टेज दहा टक्के कमी झालं, तर उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरतो. म्हणजे महागातला दिवा घ्यायचा, आणि त्याचा जवळपास तिसरा हिस्सा उजेड वायरीतच गरम करून टाकायचा.

म्हणून चाचा नवी वाट काढतात. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून थेट २.५ चौरस मिलिमीटरची वायर. तिच्यात बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच १५ अँपिअरचा फ्यूज. फ्यूज लावायचा तो वायर वाचवण्यासाठी, म्हणून त्याची जागा वायरीच्या उगमाशी. दिव्याजवळ बसवला आणि मधेच कुठे वायर पत्र्याला घासून उघडी पडली, तर फ्यूज शाबूत राहील आणि आग बॅटरीकडच्या बाजूला लागेल.

(दृश्य : रिले जवळून. पायांवरचे आकडे.)

हा रिले, म्हणजे बारीक करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. काडेपेटीहून लहान. पायांवर चार आकडे असतात. ३० ला बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली जाड वायर. ८७ वरून दिव्याकडे जाणारी जाड वायर. ८५ ला अर्थ (अर्थिंग), म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी वाट. आणि ८६ ला एक बारीक वायर, जी फक्त इशारा देते. डॅशबोर्डवरच्या स्विचमधून इशाऱ्यापुरताच करंट जातो, सगळं ओझं रिले उचलतो.

ती बारीक वायर कुठून घ्यायची, हा खरा निर्णय. चाचा ती हेडलाइटच्या अप्परमधून, म्हणजे लांबच्या झोताच्या वायरीतून घेतात, मधे स्विच ठेवून. अप्पर लावला तरच जादा दिवे लागणार. डिपर मारला, म्हणजे झोत खाली घेतला, की तेही त्याच क्षणी विझणार. हात दोन ठिकाणी न्यायला नको. मला या सगळ्या कामातली हीच जोडणी सर्वांत मोलाची वाटते.

बाकीची कामं चिकाटीची आहेत. अर्थ घेताना रंग खरवडून लखलखीत पत्रा काढायचा. इथं पत्रा गंजलेला होता, म्हणून अर्थची वायरसुद्धा बॅटरीपर्यंत मागे नेली. पत्र्यातून वायर जाते तिथे रबराचं बूच. वायरीच्या टोकांना दाबून बसवलेली थिंबल, म्हणजे धातूची टोपणं, वर स्लीव्ह. नुसत्या टेपला काळ्या मातीतला चिखल टिकू देत नाही.

(दृश्य : दिवे हातात धरून मालक टपाकडे बघतो.)

मालकाचा हट्ट टपाचा होता. उंचावरून लांबचं दिसेल, हा हिशेब. चाचांनी दिवा टपावर धरून बॅटरीला जोडून दाखवला, समोर बोनेट पांढरं फटक झालं. डोळे त्याच उजेडाला सरावतात आणि पुढचा रस्ता काळाच राहतो. धुळीत तर आणखी पंचाईत. डोळ्याजवळून निघालेला उजेड धुळीच्या कणांवर आपटून परत डोळ्यात येतो.

खाली लावण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते मला फार सुंदर वाटतं. खड्डा दिसतो तो त्याच्या सावलीमुळे. दिवा खाली आणि डोळा वर असला की चाकोरीच्या प्रत्येक कडेची सावली पडते, पाटाची धार उठून दिसते. दिवा डोळ्याजवळ नेला की सावल्या वस्तूंमागे दडतात आणि रस्ता सपाट वाटतो. मागच्या पावसाळ्यात दिसला नव्हता, तो पाट अशा सावलीनेच दिसतो.

म्हणून जागा ठरली बंपरवर, दोन कडांना. मधोमध नाही, कारण रेडिएटरसमोर दिवे उभे केले की हवा अडते, आणि चाळीस अंशांपुढे जाणाऱ्या सोलापूरच्या उन्हाळ्यात ते इंजिनला परवडत नाही. पाया जाड पट्टीचा, प्रत्येक बोल्टला स्प्रिंग वॉशर. पट्टी हलली तर उजेड थरथरतो, आणि थरथरत्या उजेडाने डोळे लवकर दमतात.

(दृश्य : संध्याकाळ. जीप एका भिंतीसमोर.)

आता दिव्यांचा रोख लावायचा. सपाट जागा, भिंतीपासून २५ फूट, गाडीत नेहमीचं वजन. दिव्याच्या मध्याची उंची खडूने भिंतीवर उतरवलेली. उजेडाचा मध्य त्या रेघेच्या थोडा खालीच राहिला पाहिजे. पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि तेच बहुतेक जण सोडून देतात.

डांबरी रस्त्यावर मात्र हे दिवे लावायचे नाहीत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १११ वा नियम गाडीच्या पुढच्या बाजूला स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट बसवायला मनाई करतो. अपवाद फक्त नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीचा. म्हणून मालकाने लांब फेकीचे दिवे घेतलेच नाहीत, पसरट उजेडाचे घेतले, आणि सोबत काळी झाकणं. गाळप सुरू झालं की याच रस्त्यांवर रात्री उसाच्या बैलगाड्या असतात. समोरून झोत आला की आधी बैल बुजतात. गाडीवानाला तर काही क्षण काहीच दिसत नाही.

माळाकडेही झोत फिरवायचा नाही. इथलं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं. या गवतात काळवीट आहेत, लांडगे आहेत. डोळ्यांवर उजेड पडलेलं जनावर जागीच खिळतं.

(दृश्य : रात्र. चाकोरी. दिवे लागतात.)

रात्रपाळी. डांबर संपतं, झाकणं निघतात. अप्पर. चाकोरीच्या दोन्ही कडा सावलीसकट उभ्या राहतात, डावीकडे पाटाची धार. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये. समोरून एक मोटरसायकल येते, मागे बसलेल्याच्या खांद्यावर खोरं. मालकाचा हात हलतो. डिपर. बंपरवरचे दोन्ही दिवे विझतात. मोटरसायकलवाला जवळून जाताना हात वर करतो. लांब मोटरीच्या खोलीवरचा बल्ब लागलेला आहे. लाईट आली आहे.