आप्पांची दुर्बीण

(लाकडी बाकडं. दाराबाहेरून कापसाने भरलेला ट्रॅक्टर जातो.)

अमळनेर तालुक्यातलं एक गाव. वेचणीचे दिवस, त्यामुळे दवाखान्यात गर्दी नाही. अगदीच राहवत नाही तेवढेच आलेत.

सत्तरीचे आप्पा टेकता टेकताच सांगतात, "डॉक्टर, पोटमा आग पडस."

खान्देशात या आगीचं खापर लगेच फुटतं ते शेवभाजीच्या तर्रीवर, नाहीतर भरितातल्या मिरचीवर. डॉक्टर मिरचीचं नावही काढत नाहीत. त्यांचं लक्ष आप्पांच्या गुडघ्यांवर. "दुखण्यावर काय घेता?"

कोपरीच्या खिशातून चुरगळलेली पट्टी निघते. डायक्लोफेनॅक. मेडिकलवरून परस्पर आणलेली, रोज दोन, बऱ्याचदा उपाशीपोटी. दुखणं थांबवणाऱ्या अशा गोळ्या जठराच्या अस्तराचं संरक्षण कमी करतात आणि तिथे जखम होते. तिलाच आपण अल्सर म्हणतो. पट्टी डॉक्टरांच्या ड्रॉवरमध्ये जाते, ती परत मिळत नाही.

पुढचा प्रश्न शौचाच्या रंगाचा. आप्पा सुनेकडे बघतात, गप्प. डॉक्टर सुनेला जुनी फाइल आणायला बाहेर धाडतात. मग उत्तर येतं: पंधरा दिवसांपूर्वी दोन दिवस डांबरासारखी, काळी, चिकट. आता नाही. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो, पण त्या आप्पा घेत नाहीत. नाडी, रक्तदाब ठीक. पापणी ओढली तर आत फिकट. काळा रंग म्हणजे पोटात रक्त गेल्याची खूण; आज काळी असती, तर डॉक्टरांनी या क्षणी गाडी करून रवाना केलं असतं. आता परवाची तारीख ठरते, धुळ्याला, दुर्बिणीसाठी.

"कॅन्सर शे का?"

डॉक्टर आपली करंगळी पुढे धरतात. नळी साधारण एवढी जाड, टोकाला कॅमेरा. घशात बधिर करणारा फवारा मारतील, डाव्या कुशीवर झोपवतील, दातांमध्ये प्लॅस्टिकचं कडं देतील. श्वासाची वाट वेगळी आहे, ती बंद होत नाही. उमासे येतील. लाळ गिळायची नाही, गळू द्यायची. पाच-दहा मिनिटांचं काम.

यात वैद्यकशास्त्र थोडं आणि धीर जास्त, असं कुणाला वाटेल. पण लाळेचं आधी कुणी सांगितलं नसेल, तर माणूस टेबलावर नळी ओढायला बघतो.

मग चिठ्ठी. त्यात हृदयासाठी चालू असलेली ॲस्पिरिन ठळक लिहिलेली; ती मनाने बंद करायची नाही, ते तिथले डॉक्टर ठरवतील. साखरेची गोळी उपाशी सकाळी नको. रात्री दहानंतर खाणं बंद. कवळी काढून ठेवायची. एस.टी. पकडण्याआधीचा चहासुद्धा नाही, आणि आप्पांना सगळ्यात जड हेच जातं. मुलगा म्हणतो, मोटरसायकलवर मागे बसवून आणतो. डॉक्टर साफ नाही म्हणतात. गुंगीचं इंजेक्शन दिलं, तर झोपाळलेला माणूस मागे तोल कसा सांभाळणार?

(तिसरा दिवस. टेबलावर रंगीत फोटोंचा रिपोर्ट.)

लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर. जठरातून तुकडाही घेतलाय. गावात तोवर पसरलंय, तुकडा घेतला म्हणजे ते 'तसलंच'. इथे तो घेतला एका जंतूसाठी, हेलिकोबॅक्टर पायलोरी. अल्सरमागे हा जंतू असतो हे कुणी मानेना, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी 1984 मध्ये तो स्वतःच पिऊन दाखवला. 2005 मध्ये त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. आप्पांना हा किस्सा फार आवडतो. "पी गया?" दोनदा विचारतात.

जंतू सापडलाय. चौदा दिवस दोन अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करणारी गोळी. चौथ्या दिवशी फोन येतो: तोंड कडू पडलंय, बंद करू का? डॉक्टर रोज संध्याकाळी सुनेला फोन करू लागतात. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी जंतू गेला की नाही, हे पुन्हा तपासायचं आहे. सुनेने भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती तारीख कुंकवाने गोल केली आहे.