लिस्बनच्या आधीचं लानेली

मंडळी, पत्रिकेत आजचा विषय 'लिस्बन १९६७ : सेल्टिकने इंटर मिलानला कसं हरवलं' असा छापलाय. म्हणजे स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या सेल्टिक या फुटबॉल क्लबने इटलीच्या इंटरला हरवलं तो युरोपियन कपचा, युरोपातल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेचा, अंतिम सामना. तिकडे येतोच. पण समोर कोल्हापूरकर बसलेत, पेठेच्या संघासाठी घसा बसेपर्यंत ओरडणारे. तुमच्यापुढे मनातली एक गोष्ट आधी सांगायलाच हवी. सेल्टिकचा मॅनेजर जॉक स्टीन, त्याच्या त्या विजयाला लोक 'चमत्कार' म्हणतात, ते माझ्या मनाला लागतं. त्या विजयाचं मूळ एका राखीव संघात आहे.

१९५१ चा डिसेंबर. वेल्समधलं लानेली. स्टीन तेव्हा एकोणतीस वर्षांचा. गाव स्कॉटलंडच्या लॅनार्कशरमधलं बर्नबँक, काम कोळशाच्या खाणीत. १९४२ पासून तो अल्बियन रोव्हर्स या स्कॉटिश क्लबचा सेंटर हाफ, म्हणजे बचावातला मधला खेळाडू. पण आठवडाभर खाण आणि शनिवारी मॅच. कोळसा लागत होता म्हणून खाणकामगारांना युद्धावर पाठवत नसत, त्यामुळे ती सगळी वर्षं याची अशीच गेली. लानेलीने पूर्णवेळ खेळायचा पगार देऊ केला तेव्हा कुठे खाण सुटली. आता बघा, एवढं करून हा क्लब इंग्लिश लीगच्या बाहेरचा! त्यात मागे स्कॉटलंडमध्ये, हॅमिल्टन गावातल्या त्याच्या घरी दोनदा चोरी झाली. बायकोचा जीव परत जाण्याकडे. स्टीनने ठरवलं, झालं एवढं बस, पुन्हा खाणीत जाऊ. आणि नेमकं तेव्हाच सेल्टिकचं बोलावणं आलं.

कशासाठी, ते नीट ऐका. पहिल्या संघात खेळायला नाही. राखीव संघातल्या पोरांबरोबर खेळून त्यांना चार गोष्टी शिकवायला! पण पहिल्या संघाचे सेंटर हाफ जखमी झाले, याला उतरवलं, आणि हा परत बाहेर आलाच नाही. पुढे कर्णधार झाला, १९५३ चा कॉरोनेशन कप जिंकला, १९५४ ला लीग आणि स्कॉटिश कप दोन्ही.

आणखी एक सांगतो, वेळ घेतोय, पण हे महत्त्वाचं आहे. सेल्टिक हा आयरिश कॅथलिकांनी उभा केलेला क्लब आणि स्टीन प्रॉटेस्टंट. तिकडे गेला म्हणून काही जुन्या मित्रांनी त्याच्याशी बोलणं सोडलं. ग्लासगोत ही फार खोल जखम आहे. तो मात्र मागे फिरला नाही.

मग घोटा गेला आणि खेळ संपला. १९५७ मध्ये क्लबने त्याला राखीव संघाचा कोच केलं. ज्या कामासाठी आणला होता, तेच काम सहा वर्षांनी हातात आलं! त्या पोरांत एक होता बिली मॅकनील. नाव लक्षात ठेवा.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. तर भरभर. १९६० मध्ये डनफर्मलिन या क्लबचा मॅनेजर, १९६१ च्या स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात सेल्टिकलाच हरवलं. मग हिबर्नियन हा क्लब, आणि मार्च १९६५ मध्ये परत सेल्टिक, आता मॅनेजर म्हणून.

लिस्बन, २५ मे १९६७. अकराच्या अकरा खेळाडू सेल्टिकच्या मैदानापासून तीस मैलांच्या आत जन्मलेले, म्हणजे आपल्या कोल्हापूर-सांगलीएवढ्या टापूतले. समोर मॅनेजर एरेराचं इंटर, आधीच दोनदा युरोपियन कप जिंकलेलं, एक गोल करून दार लावून घेणारं. सातव्या मिनिटाला मात्झोलाची पेनल्टी, ०-१. इंटरचा प्रत्येक बचावपटू आपला माणूस धरून असायचा. म्हणून सेल्टिकचे फॉरवर्ड त्यांना ओढत बाजूला नेत आणि मोकळ्या जागेत मागून फुल बॅक, म्हणजे कडेचे बचावपटू, येत. बरोबरीचा गोल बघा : क्रेग या फुल बॅकने पास दिला आणि गेमेल या दुसऱ्या फुल बॅकने मारला! मधल्या फळीत मर्डॉक आणि ऑल्ड. एक आधीचा इनसाइड फॉरवर्ड, म्हणजे आतल्या बाजूचा आक्रमक, दुसरा विंगर, म्हणजे कडेचा. दोघांची जागा स्टीननेच बदललेली. शेवटी मर्डॉकच्या फटक्याला चामर्सने पाय लावला, २-१. युरोपियन कप जिंकणारा ब्रिटनमधला पहिला क्लब.

प्रेक्षक मैदानात घुसले होते. त्या गर्दीतून वाट काढत कप घ्यायला वर गेला तो कर्णधार बिली मॅकनील. आणि १९७८ मध्ये स्टीनने सेल्टिकची मॅनेजरची खुर्ची सोडली, तेव्हा तिच्यावर बसला तोही मॅकनीलच.