विटेचा चुरा

(दृश्य: पहाट. वीटभट्टीचा धूर.)

यवतमाळ जिल्ह्यातला वणी तालुका. पोटात कोळसा आणि चुनखडी, वर काळी जमीन. भट्टीवरची माणसं अंधारातच कामाला लागलेली असतात. फुटक्या, जास्त भाजलेल्या विटांचा ढीग बाजूला पडलेला. त्यावरून चाललं की पाय घोट्यापर्यंत लाल होतात.

पॅरिसमध्ये फ्रेंच ओपन ही टेनिस स्पर्धा जिथं होते, त्या रोलाँ गारोसच्या कोर्टावरही खेळाडूंचे मोजे असेच लाल होतात. त्याला मातीचं कोर्ट म्हणतात खरं, पण वरचा जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा थर म्हणजे विटेचा चुरा. त्याखाली पांढरी चुनखडी, मग जळालेल्या कोळशाची खर, तळाशी गिट्टी. भट्टीवरच्या एका काकांना हे सांगितलं. ते ढिगाकडे बघत म्हणाले, "मंग हे तं सारं आपल्याच तालुक्यात भेटते ना बाप्पा!"

खरंच भेटतं. म्हणून ही गोष्ट इथून सांगायची.

(दृश्य: पऱ्हाटीचं शेत.)

भारी जमिनीत पऱ्हाटी म्हणजे कपाशी छातीला लागते, बरडावर तीच गुडघ्याशी थांबते. बियाणं एकच, शेतकरीही एकच. टेनिसमधले विक्रम वाचताना ही गोष्ट विसरली की हिशेब चुकतो. स्वित्झर्लंडचा रॉजर फेडरर आणि स्पेनचा राफाएल नदाल 40 वेळा समोरासमोर आले. नदाल 24, फेडरर 16. आकडा एवढाच वाचला तर वाटतं, नदाल वरचढ. आता जमीन वेगळी करून बघा. मातीवर नदाल 14, फेडरर 2. उरलेल्या 24 सामन्यांत मात्र फेडरर 14, नदाल 10.

असं का व्हावं? विटेच्या चुऱ्यावर चेंडू अडतो, मंदावतो आणि उंच उसळतो. नदाल डावखुरा. त्याचा गरगर फिरणारा फटका टप्पा पडून थेट फेडररच्या खांद्यापर्यंत चढायचा, आणि फेडररचा बॅकहँड, म्हणजे डाव्या बाजूचा उलट्या हाताचा फटका, एका हाताचा. खांद्यावरचा चेंडू एका हातानं दाबणं किती जड जातं, ते मारून बघणाऱ्यालाच कळतं. गवतावर तोच चेंडू घसरत, खाली राहून येतो. तिथं राज्य फेडररचं.

2007 च्या मे महिन्यात दोघांसाठी नदालच्या स्पेनमधल्या मायोर्का बेटावर एक अजब कोर्ट तयार केलं होतं. जाळीच्या एका बाजूला गवत, दुसऱ्या बाजूला माती! तेव्हा नदाल मातीवर सलग 72 सामने जिंकलेला, फेडरर गवतावर सलग 48. बाजू बदलली की बूटही बदलायचे. नदालनं 7-5, 4-6, 7-6 असा सामना जिंकला. तो प्रदर्शनी सामना होता, विक्रमात धरला जात नाही. मला मात्र तो फार मोलाचा वाटतो.

(दृश्य: कौलारू घर, जुना टीव्ही.)

6 जुलै 2008. विम्बल्डनची अंतिम लढत. तिकडे पावसानं सामना लांबत गेला, इकडे मध्यरात्र उलटली. चौथ्या सेटचा, 6-6 बरोबरीनंतरचा निर्णायक टायब्रेकर फेडररनं ओढून आणला आणि आमच्या गावची लाइन गेली. अंधारात बसून राहिलो. सकाळच्या एसटीनं पेपर आला, त्यातही निकाल नाही. सामना संपायच्या आधीच तो छापून निघाला होता. शेवटी नागपूरहून चुलतभावाचा फोन आला: पाचवा सेट 9-7, नदाल. चार तास 48 मिनिटांचा खेळ. पाच वर्षं विम्बल्डन राखणारा फेडरर त्याच्याच गवतावर हरला होता. मी नदालचा, तरी त्या दिवशी फेडररसाठी जेवण गेलं नाही.

आणि सर्बियाचा नोव्हाक जोकोविच? जय-पराजय नदालविरुद्ध 31-29, फेडररविरुद्ध 27-23. नदालशी मातीवर 9-20 असा मागे, हार्ड कोर्टवर 20-7 असा पुढे, गवतावर 2-2. चारही ग्रँड स्लॅम, म्हणजे टेनिसच्या सर्वांत मोठ्या स्पर्धा, किमान तीन-तीनदा जिंकलेला, एकूण 24. नदालची 22, फेडररची 20. जोकोविच जागतिक क्रमवारीत 428 आठवडे अव्वल. कुठल्याच जमिनीनं ज्याला नाकारलं नाही असा खेळाडू. सगळ्यांत मोठा तोच, हे मी मान्य करतो. रोलाँ गारोसवर नदाल 116 सामन्यांत फक्त चार हरला, त्यातल्या दोन हारी जोकोविचकडून.

पण ते 112 विजय, ती 14 विजेतेपदं! त्या लाल चुऱ्यावर असं पीक दुसऱ्या कुणी काढलं नाही.

(दृश्य: वाळत घातलेल्या कच्च्या विटा.)

25 मे 2025 ला रोलाँ गारोसनं नदालचा सत्कार केला. फेडरर, जोकोविच आणि ब्रिटनचा अँडी मरे तिघंही कोर्टावर आले होते. मुख्य कोर्टावर नदालच्या पावलाच्या ठशाची पाटी कायमची बसवली आहे.

इथं भट्टीवर कच्च्या विटा उन्हात वाळताहेत. रात्री कुणाची तरी शेळी त्यावरून गेली. काका वाकून बघतात, खुराचा ठसा उमटलेली वीट उचलतात आणि बाकीच्या विटांसोबत भट्टीत रचतात.