पट्ट्यावरचं विमान आणि बाद झालेले डाव

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मागे फळ्यावर विषय लिहिलाय, 'सरकत्या पट्ट्यावरचं विमान उडेल का?' त्याकडे मी येणारच आहे. आधी जरा हात वर करा. उडेल म्हणणारे किती? आणि नाही म्हणणारे? जवळजवळ निम्मेनिम्मे. छान. शेजारच्याशी आत्ताच भांडायला लागू नका, आपल्याकडे पाऊण तास आहे.

असे वाद मी गेली कित्येक वर्षं जमवते आहे. आरशात डावं-उजवं उलटं दिसतं, मग वर-खाली का नाही? ०.९९९… म्हणजे पूर्ण १, की १ हून किंचित कमी? गरम पाणी गार पाण्याआधी गोठतं का? पुष्कळांना हे रिकामपणाचे उद्योग वाटतात. मला नाही वाटत. पगार, पद, परीक्षा यांतलं काहीही पणाला लागलेलं नसताना माणसं रात्री दोन वाजेपर्यंत चाकाच्या वेगावरून हिरिरीने भांडतात. इतकी निखळ जिज्ञासा मी फार कमी ठिकाणी पाहिली आहे.

फक्त एका गोष्टीने मी दुखावते. या भांडणांत कोणी मध्येच विचारलं, 'थांबा, अट नेमकी काय होती?' की त्याला गप्प बसवतात. फाटे फोडू नकोस, शब्दांत पकडू नकोस, उत्तर येत नसेल तर तसं सांग. माझ्या मते सगळ्या वादातला तोच एक कामाचा प्रश्न असतो. हे मला एका रात्रीत कळलं, आणि ती रात्र तुम्हाला सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

तीन दरवाज्यांचं कोडं इथे बहुतेकांना ठाऊक असेल. एका दरवाज्यामागे मोटार, दोघांमागे बकऱ्या. तुम्ही एक दरवाजा निवडता. सूत्रसंचालक उरलेल्या दोनांपैकी एक उघडतो, तिथे बकरी निघते. आता तो विचारतो, निवड बदलायची का? प्रसिद्ध उत्तर असं की बदलावी, कारण बदलल्यावर जिंकण्याची शक्यता २/३ आणि न बदलता १/३.

मी आणि माझा आतेभाऊ रात्रभराच्या रेल्वेप्रवासात होतो. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मी कोडं सांगितलं, उत्तरही सांगितलं. दादा म्हणाला, "दोन दरवाजे उरले की निम्मेनिम्मे. यात कसली आलीय हुशारी?" वाद वाढत गेला. शेवटी त्याने पत्ते काढले. बदामचा एक्का आणि दोन काळ्या दुऱ्या. एक्का ही मोटार. तो पिसून पालथे मांडणार, मी एकावर बोट ठेवणार, तो दुसरा एखादा उघडणार, आणि मी दर वेळी बदलणार. हिशेब वहीत.

आम्ही ९० डाव खेळलो. मध्येच एखाद्या डावात दादा पत्ता उघडायचा तो नेमका एक्काच निघायचा. मग तो म्हणायचा, "हा चुकून उघडला, बाद." मलाही ते रास्त वाटायचं. एक्काच दिसला तर कोडं उरलंच कुठे? असे २८ डाव बाद झाले. उरलेल्या ६२ पैकी मी जिंकले ३०. म्हणजे जवळपास निम्मे! दादा वही छातीशी धरून झोपी गेला आणि मी वरच्या बर्थवर डोळे टक्क उघडे ठेवून पडले. पुस्तकातलं उत्तर चुकीचं आहे, असं मला अर्धी रात्र खरोखर वाटत होतं.

उजाडताना मी त्याला हलवून विचारलं, "दादा, पत्ता उघडायच्या आधी तू बघतोस का एक्का कुठे आहे ते?" तो म्हणाला, "छे! बघितलं तर ती लबाडी झाली."

मिळालं! कोड्यातला सूत्रसंचालक बघतो. त्याला मोटार कुठे आहे ते माहीत असतं आणि तो मुद्दाम बकरीच दाखवतो. दादा आंधळेपणाने उघडत होता. आता ते २८ बाद डाव पुन्हा पाहा. उघडलेल्या पत्त्यात एक्का निघाला, म्हणजे माझ्या बोटाखाली तो नव्हता. दादाने बघून दुर्री उघडली असती, तर त्या प्रत्येक डावात मी पत्ता बदलून जिंकले असते. एकही अपवाद नाही. ते डाव वगळून आम्ही हिशेब स्वच्छ करतोय असं समजत होतो आणि नेमके माझ्या विजयाचे डाव फेकत होतो. ३० मध्ये २८ मिळवा. ९० पैकी ५८. दोन-तृतीयांश म्हणजे ६०.

म्हणजे दादाचं उत्तर त्याच्या खेळापुरतं अगदी बरोबर होतं! सूत्रसंचालक न बघता उघडत असेल आणि योगायोगाने बकरी निघाली असेल, तर शक्यता निम्मीनिम्मीच असते. आम्ही दोघं रात्रभर दोन वेगळे खेळ एकाच पत्त्यांनी खेळत होतो.

हे आम्हा दोघांचंच झालं असं नाही. १९९० साली अमेरिकी स्तंभलेखिका मेरिलिन व्हॉस सॅव्हंट यांनी आपल्या सदरात २/३ हे उत्तर छापलं, तेव्हा सुमारे १०,००० पत्रं आली. त्यांतली जवळपास १,००० पीएच.डी. झालेल्यांची होती, आणि बहुतेकांचं म्हणणं बाई चुकल्या. बाई चुकल्या नव्हत्या. पॉल एर्डशसारख्या गणितज्ञालाही हे पटेना, संगणकावर तोच खेळ पुन्हा पुन्हा खेळून दाखवल्यावर त्यांनी मानलं. मला सगळ्यांत आवडतो तो १९९१ मधला प्रसंग. ज्यांच्या टीव्हीवरच्या खेळावरून कोड्याला नाव पडलं ते मॉन्टी हॉल स्वतः एका वार्ताहराबरोबर हा खेळ खेळायला बसले. वार्ताहराने पहिल्यांदा बकरीचा दरवाजा निवडला की हॉल बदलायची संधी न देता तोच उघडून मोकळे व्हायचे. मोटारीचा निवडला तरच संधी. मग बदलणारा दर वेळी हरणार! दरवाजा उघडून संधी द्यायचं बंधन सूत्रसंचालकावर आहे की त्याच्या मर्जीवर, हे छापलेल्या प्रश्नात स्पष्ट नव्हतं. हॉल यांनी ती फट तिथल्या तिथे दाखवून दिली. याला कोणी फाटे फोडणं म्हणेल?

आता एक तक्रार, आणि ती मी मनापासून करते. ८÷२(२+२) किती, अशी चित्रं फिरतात, खाली लिहिलेलं असतं की हुशार असाल तरच येईल. कोणी म्हणतं १६, कोणी १. माणसं एकमेकांची शाळा काढतात. आपण 'कंचेभागुबेव' घोकलं आहे. त्यात कंसानंतर 'चे' येतो आणि मग भागाकार. कंसाला चिकटलेला २ हा साधा गुणाकार मानला, तर आधी भागाकार, ४ गुणिले ४, उत्तर १६. तोच 'दोनचे' म्हणून वाचला, तर आधी ८ तयार होतात आणि उत्तर १. शाळेतलं सूत्र दोघांनीही पाळलंय! हे कोडंच नाही, हे अर्धवट लिहिलेलं वाक्य आहे. एक कंस जास्त घातला की वाद संपतो. कामात असं लिहिणाऱ्याला आपण पुन्हा लिहायला लावू. इथे मात्र वाचणाऱ्यालाच मूर्ख ठरवतात, आणि गणिताला घाबरणारं एखादं मूल आणखी घाबरतं. याचा मला राग येतो.

तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांची खारीची गोष्टही सांगायची होती… चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं राहिली. बरं, खार राहू दे. विमान.

विमान एका लांब पट्ट्यावर उभं आहे. विमान पुढे जाईल तसा पट्टा तितक्याच वेगाने मागे सरकतो. उडेल का? मोटारीचं इंजिन चाकं फिरवतं आणि चाकं जमिनीला मागे रेटतात. विमानाचा पंखा किंवा जेट रेटतं ते हवेला. त्याची चाकं मोकळी असतात. पट्टा मागे गेला तर ती दुप्पट वेगाने गरगरतील, थोडं घर्षण वाढेल, पण विमान पुढे जाईल आणि उडेल. २००८ साली एका टीव्ही कार्यक्रमात छोटं विमान लांबलचक कापडावर ठेवून कापड उलट दिशेने ओढलं होतं. विमान उडालं.

पण काही जण तीच गोष्ट अशी सांगतात की पट्टा 'चाकांच्या वेगाने' मागे जातो. चाकाच्या कडेचा वेग म्हणजे विमानाचा वेग अधिक पट्ट्याचा वेग. चाक घसरत नसेल आणि हा वेग पट्ट्याच्या वेगाइतकाच ठेवायचा असेल, तर विमानाचा वेग शून्यच असायला हवा. म्हणजे 'विमान हलत नाही' हे त्या अटीतच लिहिलेलं आहे! इंजिनाचा रेटा झेलायला पट्ट्याला वेग सतत वाढवत न्यावा लागेल आणि खरी चाकं त्याआधीच फुटतील. निम्म्या हातांचं उत्तर हे, निम्म्यांचं ते.

दोन मिनिटं आहेत, तेवढ्यात एक चांगला वाद. फक्त वाऱ्यावर चालणारी गाडी वाऱ्याच्याच दिशेने वाऱ्यापेक्षा वेगाने जाईल का? २०१० साली 'ब्लॅकबर्ड' नावाची गाडी वाऱ्याच्या २.८ पट वेगाने गेली. तिच्यात वारा पंख्याला आणि पंखा चाकांना फिरवतो असं वाटतं. असतं उलट, चाकं पंखा फिरवतात. तरीही २०२१ मध्ये भौतिकीचे प्राध्यापक अलेक्झांडर कुसेन्को यांना ते पटलं नाही. त्यांनी आणि त्या गाडीवर व्हिडिओ करणारे डेरेक मुलर यांनी १०,००० डॉलरची पैज लावली. आरडाओरडा नाही, कागदावर लेखी करार, साक्षीदारांसह. शेवटी कुसेन्को यांनी हार मानली. वादाच्या आधी कागद आला, हे मला त्या पैजेच्या निकालाहून महत्त्वाचं वाटतं.

मागच्या रांगेतून आणखी एक चिठ्ठी आली आहे. 'पट्ट्याचा वेग म्हणताय तो कोणाच्या सापेक्ष, जमिनीच्या की विमानाच्या?' ही ज्यांनी लिहिली त्यांनी कृपया पुढे या. खाली उतरल्यावर आपण इथूनच सुरू करू.